बाकी

आमच्याकडे निरोपाचे शब्द दोन.
राहणाऱ्यानं जाणाऱ्याला म्हणायचं, आलू आ. जा हं.
जाणाऱ्यानं राहणाऱ्याला, नोफो आ. राहा हं.
धक्क्यावरून बोट सुटताना
डोळे मिटून ऐकलं तरी कळतं
कुणाचे पाय फळीवर आहेत
आणि कुणाचे वाळूत.

भेटल्यावर म्हणतो, मालो ए लेलेइ.
बरी आहेस, त्याबद्दल तुझे आभार.
जसं काही बरं असणं
हे तू माझ्यासाठी केलेलं काम.

माझं दुकान धक्क्याच्या तोंडाशी.
मटणाचे डबे, रॉकेल, साबण, फोनची कार्डं,
आणि एक वही, जिच्यात अर्धं पांगाई उधार आहे.
लोसेलीचं पान मात्र कोरं.
दहा सेनिती कमी पडले
तर ती साबण परत ठेवते.

तिचा केलेपी सफरचंदं तोडायला हेस्टिंग्जला गेला
तेव्हा तिनं त्याच्या गालाला नाक लावलं
आणि ओढला श्वास,
इतका लांब
की मागच्या माणसानं बॅग खाली ठेवली.
मग म्हणाली, आलू आ.
तो म्हणाला, नोफो आ.
हिशोब चोख.

घोळ झाला तो फोनवर.
शनिवारी संध्याकाळी यायची ती, माझ्या पायरीवर रेंज बरी म्हणून.
(रविवारी दुकान उघडायची सोय नाही,
पाद्री आधी येतो की पोलीस, एवढाच प्रश्न.)
पहिल्याच फोनला शेवटी पोरगा म्हणाला, नोफो आ,
आणि ही अडली.
माझ्याकडे बघून म्हणते,
गेलेल्याला आणखी किती जा म्हणू?
मग तीही म्हणाली, नोफो आ. तू पण राहा.

आता दोघंही राहिले,
तर फोन ठेवायचा कुणी?
दर शनिवारी दोन्हीकडून राहा, राहा,
मग नुसते श्वास,
मग कार्ड संपल्याची बाई.

त्या शनिवारी तो सांगत होता
की शिडीवरून पडलो, फार नाही, गुडघाच,
आणि समुद्राच्या पोटात डोंगर फुटला.
कानात कुणी मुठी मारल्यासारखं झालं.
पळायला आमच्या बेटावर चढ नाही.
नारळाच्या रांगा ओलांडून आत, अजून आत,
वर राख पडतेय,
आणि लोसेलीच्या हातात माझा फोन,
कानाला लावलेला,
मेलेला.

केबल तुटली होती.
टाक्यांतलं पाणी करडं झालं.
अळूची पानं धुऊन धुऊन शिजवली तरी दाताखाली कचकच.
ती रोज यायची, विचारायची नाही काही,
पायरीवरची राख झाडून जायची.
एकदा मात्र म्हणाली,
मी त्याला राहा म्हटलंच नाही गं.
त्या रात्री मी वही काढली,
तिच्या कोऱ्या पानावर लिहिलं
एक शब्द, बाकी.

लाईन आली त्या दिवशी
ती कमरेला चटई बांधून आली,
चर्चला किंवा मयताला बांधतात तशी.
पलीकडून आवाज फाटला,
आई? आई! मालो ए ले...
थांब, ही म्हणाली.
मागचं आधी पुरं करू.
नोफो आ, केलेपी.

पलीकडे काहीच नाही.
मग नाक ओढल्याचा आवाज.
मग, नोफो आ, आई.

आणि हिनं फोन ठेवला!
मी ओरडलेच,
अगं बये, इतक्या आठवड्यांनी लागलाय,
आता पुन्हा लागेल का?
तिनं चटईची गाठ सारखी केली,
बोटानं एकेक आकडा दाबला,
सावकाश, वही लिहिल्यासारखा.
लागला.

मालो ए लेलेइ, ती म्हणाली.
गुडघा कसा आहे?

पुढचं मला ऐकू आलं नाही.
तेविताला साबण हवा होता,
आणि त्याच्याकडे सुटे नव्हते.